कुझुहारातील ताइकोप्रसाराची हकिकत

आमच्या कुझुहारा गावात ताइकोचा, म्हणजे आमच्याकडच्या ढोलवादनाचा, प्रसार झाला तो माझ्यामुळे. हे मी म्हणत नाही, नगर-कार्यालयाने दिलेल्या मानपत्रात तसं छापलंय. मानपत्रात माझं होशिना हे आडनाव बरोबर आहे, पण नावातलं एक अक्षर चुकलंय. त्यामुळे हा मान नक्की कोणाला मिळाला याबद्दल बायकोला अजून शंका आहे. ते भिंतीवर लावावंसं मला वाटत नाही आणि फेकूनही देववत नाही, म्हणून फ्रिज आणि कपाट यांच्यामधल्या फटीत उभं करून ठेवलंय.

मुळात मला प्रसार वगैरे काही करायचा नव्हता. छत्तीस वर्षं नगर-कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागात काढल्यावर माणसाची एकच इच्छा उरते, की आपल्याला कोणी अर्ज देऊ नये आणि आपण कोणाला देऊ नये. पण फेब्रुवारीत आमच्या ताइको जतन मंडळाची वार्षिक बैठक झाली. देवळाच्या सभागृहात रॉकेलचा स्टोव्ह, मोठ्या पातेल्यात रटरटणारा मुळा आणि अंडी, गरम साके, म्हणजे तांदळाची दारू, आणि आठ माणसं. आठ म्हणजे सगळं मंडळ. सरासरी वय सदुसष्ट. बावन्न वर्षांचा मोमोसे, सफरचंदांच्या बागेचा मालक, हा आमच्यातला तरुण. मंडळात येऊन त्याला अकरा वर्षं झाली तरी त्याला अजून 'नवा' म्हणतात आणि सगळ्यांच्या चपला तोच ओळीने लावतो.

अध्यक्षांनी दरवर्षीप्रमाणे खंत व्यक्त केली, की नवी माणसं येत नाहीत. दरवर्षीप्रमाणे सगळ्यांनी पातेल्यात पाहिलं. तेवढ्यात मी, साके जरा जास्त झाल्यामुळे, एखादी कार्यशाळा घेतली तर, असं बोलून गेलो. आमच्याकडे बैठकीत गप्प बसणं म्हणजे संमती आणि बोलणं म्हणजे जबाबदारी. सात जण गप्प बसले. झालं.

कोमागाता गुरुजींनी मुळ्याची फोड सावकाश संपवली आणि विचारलं, "लोक येतील का?"

मी म्हटलं, येतील.

"मग ठीक."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "लोक येतील का?" मला वाटलं टोमणा आहे. गुरुजींचे टोमणे असेच असत, कोरडे आणि दोनदा.

गुरुजींबद्दल सांगायला हवं. वय एकोणऐंशी. सगळं आयुष्य तातामीच्या चटया शिवण्यात गेलेलं, त्यामुळे उजवा कोपर गुडघ्याएवढा जाड. एकाच झाडाच्या खोडातून कोरलेला आमचा मोठा ढोल तो त्यांचाच. म्हणजे देवळाचा, पण दुसऱ्या कोणी वाजवल्याचं कोणाला आठवत नाही. नव्या शिष्याला ते पहिले तीन महिने नुसतं उभं करायचे. पाय फाकवून, गुडघे वाकवून, हात रिकामे. मला पाच महिने उभं केलं. सहाव्या महिन्यात माझ्या हातात टिपरू देण्याऐवजी त्यांनी एक छोटी पितळी थाळी दिली आणि म्हणाले, तू हे वाजव. एकोणीस वर्षं मी ती थाळी वाजवतोय. थाळीशिवाय बाकीच्यांना ताल धरता येत नाही, तिचं काम फार नाजूक असतं, असं मी पाहुण्यांना समजावून सांगतो. फुमिए, म्हणजे माझी बायको, तेवढ्यात चहा आणायला उठते.

कार्यशाळेचं ऐकून तिने एवढंच विचारलं, "अहो, तुम्ही शिकवणार म्हणजे काय, उभं राहायला?"

मी तिला सांगितलं की शिकवणार गुरुजी, मी फक्त आयोजन करणार. ती म्हणाली, मग बरं. ते 'मग बरं' मला आठवडाभर पुरलं.

आता शेजारी. आमच्या घराच्या आणि देवळाच्या मधे आकुत्सुबाईंचं घर. बाई निवृत्त गणिताच्या शिक्षिका, आणि त्यांच्याकडे आवाज मोजायचं यंत्र आहे. दर मंगळवारी आमचा सराव चालतो तेव्हा त्या ते खिडकीत ठेवतात आणि आकडे वहीत उतरवतात. त्यांना आधी जाऊन सांगावं म्हणून मी करंज्यांच्या आकाराच्या, गोड बीनचं सारण भरलेल्या पावांची पेटी घेऊन गेलो. बाईंनी पेटी घेतली, मला दारातच उभं ठेवलं आणि विचारलं की आवाज न होणारा ढोल नसतो का. नसतो, मी म्हटलं. विचारून तर बघा, त्या म्हणाल्या, हल्ली सगळं मिळतं. हे वाक्य पुढे इतकं खरं ठरेल असं त्या दिवशी आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

मग पत्रक तयार करून गल्लीत घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या फाईलमध्ये घातलं. फाईल तेरा घरं फिरून परत आली ती फुगून. एकाने लिहिलं होतं की त्या रविवारी कुत्र्यांना लस टोचायची आहे, तारीख बदला. एकाने कळवलं होतं की मागच्या वर्षीचा बाटल्यांच्या कचऱ्याचा प्रश्न सुटल्याखेरीज नवे उपक्रम हाती घेऊ नयेत. पत्रकावरच्या ढोलाला डोळे आणि हसरं तोंड काढावं, मुलं येतील, अशी एक चिठ्ठी होती. तिच्याखाली दुसऱ्याने लिहिलं होतं, डोळे नकोत, नातू घाबरतो. खुद्द कार्यशाळेला येतो असं लिहिणारा एकच निघाला. तो मोमोसे. तो मंडळातलाच.

तरी मी खचलो नाही. माणसं पत्रकाने येत नाहीत, जागेने येतात, असा विचार करून मी नगर-कार्यालयात गेलो. देवळाच्या सभागृहात बाराच्या वर माणसं मावत नाहीत. मला हवा होता नव्या समाजभवनाचा हॉल. छत्तीस वर्षं मी ज्या इमारतीत लोकांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं, त्याच इमारतीत आता मी खिडक्यांच्या बाहेरच्या बाजूला उभा होतो. बाहेरून त्या जरा उंच आहेत हे मला पहिल्यांदाच कळलं.

सांस्कृतिक विभागाचं म्हणणं पडलं की ताइको ही संस्कृती आहे, पण कार्यशाळा हे शिक्षण आहे. शिक्षण विभागाने विचारलं, शिकणारे अठराच्या खालचे आहेत का. मी म्हटलं, आशा आहे. आशा या रकान्यात बसत नव्हती. मग क्रीडा विभाग. तिथल्या बाईंनी विचारलं की वाजवताना घाम येतो का. येतो, मी म्हटलं. मग हा खेळ आहे, त्या म्हणाल्या, पण आवाज होत असेल तर आधी पर्यावरण विभागाचा दाखला लागेल. पर्यावरण विभागाच्या फॉर्मवर 'ध्वनीचा उद्देश' असा रकाना होता. मी 'वाजवणे' असं लिहिलं. फॉर्म परत आला, उद्देश स्पष्ट करावा असा शेरा घेऊन.

शेवटी मला निरासावा भेटला. हा माझ्याच विभागात माझ्या हाताखाली होता, आता पंचेचाळिशीचा होऊन आरोग्य विभागात बसतो. माणूस मनाने चांगला. माझी खरी दुर्दशा चांगल्या माणसांनीच केली, वाईट माणसांना माझ्यासाठी वेळच नव्हता. निरासावाने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि आवाज खाली आणून सांगितलं की आरोग्य विभागाकडे ज्येष्ठांसाठी एक योजना आहे. तिला हॉल आधीच मंजूर आहे, बस आहे, आवाजाचा दाखला लागत नाही, आणि उरलेल्या वर्षासाठी तिला उपक्रमच सापडत नाहीये.

"फक्त नाव थोडं बदलावं लागेल, होशिनासान. ताइको शब्द ठेवू आपण. कंसात ठेवू."

नाव ठरलं 'विस्मरण-प्रतिबंधक तालबद्ध व्यायाम (ताइको)'. खाली अटी होत्या, बारीक अक्षरात. चौथी अट अशी, की पासष्टच्या वरचे सर्व उपस्थित, मार्गदर्शक धरून, यांची स्मरणशक्तीची प्राथमिक तपासणी केली जाईल. ती अट मी वाचली नव्हती असं नंतर मी बऱ्याच जणांना सांगितलं. मी वाचली होती. छत्तीस वर्षं अशा अटी मी स्वतः लिहिल्या होत्या, आणि त्या कोणी पाळत नाही हे मला ठाऊक होतं. सहीचा शिक्का मारला आणि घरी येऊन फुमिएला सांगितलं की काम झालं. ती म्हणाली, एवढ्या लवकर? तिच्या स्वरात जे होतं ते मला तेव्हा कौतुक वाटलं.

कार्यशाळा मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी दहाला. आठ वाजता मोमोसे आपला छोटा ट्रक घेऊन देवळात आला. ढोल गाद्यांमध्ये गुंडाळून, दोऱ्यांनी बांधून, आम्ही पाच जणांनी तो चढवला. दोघांनी कमरेच्या कारणाने सल्ला दिला. ट्रक सफरचंद नेतात त्या वेगाने निघाला, मागून आम्ही चालत. वाटेत दोन म्हाताऱ्या बायकांनी टोप्या काढून हात जोडले. त्यांना ती प्रेतयात्रा वाटली. मोमोसेने खिडकीतून डोकं काढून ढोल आहे, ढोल, असं सांगितलं, तर त्यांनी आणखी वाकून नमस्कार केला.

समाजभवनाचं आपोआप उघडणारं काचेचं दार आमच्यासमोर उघडलं. ढोलाहून ते चार बोटं अरुंद होतं. आम्ही ढोल आडवा केला, उभा केला, तिरका केला. दार दर वेळी उघडायचं, थोडं थांबायचं, आणि आपण काही करत नाही असं बघून मिटायचं. चौकीदार म्हणाला की मागच्या दाराला पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांना मनाई आहे. शेवटी ढोल बाहेरच, सायकली लावतात त्या छपराखाली ठेवला, वर निळी ताडपत्री टाकली, आणि आम्ही आत गेलो.

आत वाजवायला काय, हा प्रश्न आरोग्य विभागाने आधीच सोडवून ठेवला होता. हॉलमध्ये पन्नास प्लास्टिकच्या टबांच्या रांगा, आणि प्रत्येक टबात एक हवा भरलेला रबरी चेंडू, कलिंगडाच्या दुपटीएवढा. गुलाबी, हिरवे, पिवळे. सोबत फोमच्या काठ्या. मी एकावर मारून पाहिलं. कोणी ओल्या उशीवर बसावं तसा आवाज झाला. आणि काठी उलटून माझ्या चष्म्यावर आली.

माणसं मात्र आली. त्रेचाळीस. आरोग्य विभागाची बस भरून आली. सगळ्यात लहान अडुसष्टचे. आकुत्सुबाईही आल्या, पर्समध्ये आवाजाचं यंत्र घेऊन. दारात प्रत्येकाच्या छातीवर नाव आणि क्रमांक असलेली चिकटपट्टी लावत होत्या त्या मोगीबाई, आरोग्यसेविका. गोल चेहऱ्याच्या, हसतमुख, आणि वयस्करांशी त्या आवाजात बोलणाऱ्या, ज्या आवाजात आपण खिडकीत आलेल्या मांजराशी बोलतो.

पावणेदहाला गुरुजी आले. त्यांच्या मुलीने, चिझुरुने, त्यांना गाडीने दारापर्यंत सोडलं आणि ती पोस्टात कामावर गेली. गुरुजी पूर्ण पोशाखात होते. निळा अंगरखा, डोक्याला पिळलेली पट्टी, पायात गवताच्या चपला. मोगीबाईंनी त्या चपला काढून घेतल्या आणि तपकिरी सपाता दिल्या. छातीवर सत्तावीस क्रमांक लावला.

"मी शिकवायला आलोय," गुरुजी म्हणाले.

"हो हो आजोबा, शिकवायचंच आहे. आधी इथे बसा हं, दोन मिनिटं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गुरुजी, नुसता सोपस्कार आहे. आणि मी खुर्ची पुढे सरकवली. ती खुर्ची मी सरकवली, हे मानपत्रात नाही.

मोगीबाईंनी तीन शब्द सांगितले, कात्री, डोंगर, मुळा, आणि लक्षात ठेवायला सांगितलं. मग विचारलं, यंदा कुठलं साल. गुरुजींनी ताठ बसून शोवा राजवटीतलं अठ्ठावन्नावं साल सांगितलं. ती राजवट संपून तीसेक वर्षं होऊन गेलीत. मला वाटलं, बाईंची फिरकी घेतायत. मी हसलो. रांगेतले आणखी दोघे हसले. गुरुजींनी आमच्याकडे पाहिलं आणि तेही हसले, पण उशिरा, सगळे कशाला हसतायत हे न कळून माणूस हसतो तसे.

पुढे शंभरातून सात वजा करायचे होते. एकदा केले, मग कितीतून करतोय ते त्यांनी विचारलं. आज सकाळी काय खाल्लं, हा पुढचा प्रश्न. गुरुजींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांत त्यांनी तसं माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. इतर सगळे वादक एकमेकांकडे बघतात, आता तू, आता मी, अशा खुणेसाठी. गुरुजींना कधी खूण लागली नव्हती. मी काय सांगणार? त्यांनी काय खाल्लं होतं ते मला थोडंच माहीत होतं. मी भात म्हटलं.

"भात," गुरुजी म्हणाले.

मोगीबाई हसून म्हणाल्या की मदत चालत नाही हं, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तीन शब्दांपैकी त्यांना एकही आठवला नाही. बाईंनी त्यांच्या अंगरख्याच्या कॉलरला एक पिवळी फीत टाचली. गुरुजी धरून सहा पिवळ्या झाल्या. बाकीच्यांना हिरवी. मी चौसष्टचा, मला फीतच नाही.

गुरुजी उठले. मला वाटलं, पुढे मंचावर जातील. ते सपाता घासत दारापाशी गेले, दार उघडलं, आणि बाहेर सायकलींच्या छपराखाली जाऊन त्यांनी ताडपत्री ओढून काढली. सपाता काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या. अनवाणी उभे राहिले, पाय फाकवून, गुडघे वाकवून. आणि पहिली थाप पडली तेव्हा आतल्या काचा थरथरल्या.

अकरा मिनिटं. आमच्या गावचा पावसाच्या विनवणीचा सबंध तुकडा, सुरुवातीच्या त्या गाजेपासून शेवटच्या एकुलत्या थापेपर्यंत. त्यात एकशे ऐंशीच्या वर वळणं आहेत आणि ती कुठे लिहिलेली नाहीत. एक चुकलं नाही. त्रेचाळीस माणसं काचेला लागून उभी होती, आणि आपोआप उघडणारं दार उघडं ते उघडंच राहिलं. आकुत्सुबाईंनी यंत्र बाहेर काढलं होतं, आणि ते हातात धरून त्या त्याच्याकडे न बघता उभ्या होत्या. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता. बघा, मी मोगीबाईंना म्हटलं, कसलं विस्मरण? काढा ती फीत.

"हात लक्षात ठेवतात," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्या वेळी त्यांचा आवाज मांजराशी बोलायचा नव्हता. "ते सगळ्यात शेवटी जातं. माझ्या सासूबाई स्वेटर विणायच्या. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं."

त्यानंतर आम्ही दीड तास चेंडू बडवले. गुरुजी छपराखाली बसून होते. शिकवलं मी. दुसरं कोणी पुढे झालं नाही.

कार्यशाळा अतिशय यशस्वी झाली. अभिप्रायाच्या कागदांवर त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस जणांनी 'उत्तम' लिहिलं. एकाने 'चहा कोमट' असं लिहिलं. आणि आकुत्सुबाईंनी लिहिलं की मार्गदर्शकाचा ताल एकसारखा नाही. निरासावाचा दुसऱ्याच दिवशी फोन आला, की वरचे साहेब खूश आहेत.

दहा दिवसांनी चिझुरु आमच्या घरी आली. हातात मिठाईचा खोका, नीट कागदात बांधलेला. ती पायरीच्या वर आली नाही. तिथेच वाकली आणि म्हणाली की बाबांसाठी तुम्ही एवढं केलंत, आभार मानायचे राहून गेले. आमच्याकडे कोणी एवढं वाकून आभार मानले की समजावं, आता बसायची जागा शोधा. फुमिएने मला मागून हळूच आत ओढून पाहिलं, पण मी तिथेच उभा राहिलो.

तपासणीचा अहवाल घरी गेला होता, आणि नियमाप्रमाणे आणखी तीन ठिकाणी गेला होता. गुरुजींचा गाडी चालवण्याचा परवाना परत घेतला होता. घरातली गॅसची शेगडी काढून विजेची बसवावी अशी सूचना आली होती. कोणी एक बाई येऊन घरभर फोटो काढून गेली होती. आणि मंडळाच्या विमा कंपनीने कळवलं होतं की या सदस्याला उत्सवाच्या रथावर चढू देऊ नये.

मी म्हटलं, मला कल्पना नव्हती. बरं झालं वेळीच कळलं, असंही काहीतरी म्हटलं.

"आम्हाला दोन वर्षं माहीत होतं, होशिनासान," चिझुरु म्हणाली. आवाज अगदी सौम्य. "मी झाकून ठेवलं होतं. वाण्याला सांगून ठेवलं होतं, न्हाव्याला सांगून ठेवलं होतं. गाडीच्या किल्ल्या मी लपवत होते आणि त्यांना वाटायचं त्यांनीच हरवल्या. मंगळवारी मात्र त्यांना काही सांगावं लागायचं नाही. संध्याकाळी स्वतः अंगरखा घालून निघायचे. त्यांना आठवड्यातला एकच वार ओळखता येत होता. कळलं असतं कोणाला कधीतरी. पण अजून एखादं वर्ष निघालं असतं."

मग ती परत वाकली आणि गेली. खोक्यात तांदळाच्या पिठाच्या मिठाया होत्या, बारा. त्या कोणी खाल्ल्या नाहीत.

मी सगळं निस्तरायचं ठरवलं. निरासावाकडे गेलो. त्याला खरंच वाईट वाटलं. त्याने दोन तास फायली चाळल्या आणि सांगितलं की तपासणीची नोंद रद्द करायचा फॉर्म आहे, पण तो ज्याची तपासणी झाली त्याने स्वतः, कोणाची मदत न घेता, भरायला हवा. त्यात पहिला रकाना तारखेचा होता. मी विमा कंपनीला पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं, अत्यंत नम्र, की आपल्या भावना पोहोचल्या.

ऑगस्टच्या उत्सवात रथावर मोठा ढोल होता आणि त्याच्यासमोर अध्यक्ष. त्यांनी तीन मिनिटांत जमेल तेवढं वाजवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. आमच्या लोकांना फरक कळला नाही असं नाही, पण कळल्याचं दाखवणं आमच्यात असभ्य समजतात. गुरुजी रस्त्याच्या कडेला चिझुरुबरोबर घडीच्या खुर्चीवर बसले होते, हातात बर्फाचा गोळा. रथ समोरून गेला तेव्हा ते गोळा सांडू नये म्हणून त्याच्याकडेच बघत होते.

प्रसार मात्र थांबेना. चेंडूंचा व्यायाम सहा केंद्रांवर सुरू झाला. शेजारच्या दोन गावांनी आमच्याकडून माणूस मागवला. माणूस म्हणजे मी. माझ्याकडे अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाचा दाखला होता, जो गुरुजींकडे कधीच नव्हता. आकुत्सुबाई माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसतात. चेंडूंचा आवाज यंत्रावर एवढा कमी येतो की त्यांनी वही बंद केली आहे. मंडळाचा मंगळवारचा सराव थंडी पडू लागली तसा बंद पडला. बंद करायचा असं कोणी म्हणालं नाही. एका मंगळवारी मी आणि मोमोसे दोघेच होतो. त्याने सवयीने चपला लावल्या. मग आम्ही स्टोव्ह पेटवला, थोडा वेळ बसलो आणि विझवून घरी आलो.

नोव्हेंबरात माझा वर्ग वृद्धांना दिवसभर सांभाळणाऱ्या नदीकाठच्या केंद्रात लागला. बावीस माणसं, टब आणि चेंडू तयार. तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी गुरुजी बसले होते. राखाडी स्वेटर, केस नीट विंचरलेले. समोर पिवळा चेंडू. आठवड्यातून दोन दिवस चिझुरु कामावर असते तेव्हा ते तिथे असतात, हे मला कोणीतरी सांगितलं होतं. मी विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही.

मी जवळ जाऊन वाकलो. ते बसल्या जागी माझ्याहून खाली वाकले आणि म्हणाले, "नमस्कार गुरुजी."

त्यात टोमणा नव्हता. मी शोधला.

मी पुढे जाऊन उभा राहिलो आणि सोप्यातला सोपा ठेका सुरू केला. डोन्, डोन्, डोको-डोन्, आणि मग एक रिकामी जागा. ती रिकामी जागा म्हणजेच ताइको, बाकीचा नुसता आवाज, असं शिकवण्याची पद्धत आहे. माझं लक्ष तिसऱ्या रांगेकडे होतं. चौथ्या फेरीत ती रिकामी जागा मी खाल्ली. थाप एक मात्रा आधी पडली. म्हाताऱ्यांचा तसाही गोंधळच चालला होता, कोणी इथे, कोणी तिथे, एक आजी तर बाजूच्यांचा चेंडू बडवत होत्या. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. पण तिसऱ्या रांगेतून एक काठी बरोबर माझ्याबरोबर पडली. एक मात्रा आधी. पुढच्या फेरीत मी मुद्दाम बरोबर वाजवलं, तर गुरुजी अडखळले. काठी हवेत राहिली. चेहऱ्यावर ती भीती आली, जी तपासणीच्या त्या खुर्चीत बसल्यावर आली होती. ते माझ्या हातांकडे बघत होते, जिवाच्या आकांताने, चांगला शिष्य बघतो तसे. मी कधीच तसं बघितलं नव्हतं, मी नेहमी आपली थाळी बघायचो.

मग मी रिकामी जागा पुन्हा खाल्ली. त्यांची काठी पुन्हा माझ्याबरोबर पडली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बरोबर आहे ना, अशा नजरेने.

मी हो म्हणून मान हलवली, आणि पाऊण तास तसंच, चुकीचं, शेवटपर्यंत वाजवत राहिलो.